‘आधी बटण, मग ट्रान्सफॉर्मर’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. एक स्टार आणि त्याखालची तक्रार, दोन्ही वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी वायरची बेल नीट वाजत नव्हती म्हणून बोलावलं, वायरमनने नुसतं बटण बदललं, काही दिवसांनी बेल पुन्हा बंद पडली तेव्हा ट्रान्सफॉर्मर (मेन लाइनचं व्होल्टेज उतरवून बेलला देणारा भाग) गेला असं सांगितलं, म्हणजे मुद्दाम एकेक पार्ट काढून दोनदा बिल लावलं. शिवाय बेलमध्ये तेल सोडायला आणि घरात पडलेला २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवायला नकार दिला.

पहिल्या वेळची तुमची तक्रार आमच्या जॉबकार्डवर आहे: ‘जोरात दाबलं तर वाजते, नाहीतर नाही.’ असं ऐकलं की पहिला संशय बटणावरच जातो. ते बाहेर ऊन, पाऊस आणि धूळ खात असतं, आतल्या पत्र्यांवर काळा थर बसतो आणि हलक्या दाबाने कॉन्टॅक्ट होत नाही. पण नुसत्या संशयावर पार्ट बदलत नाहीत. बटणाचे स्क्रू काढून मागच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर एसी रेंजला लावला. बटण न दाबता तिथे पूर्ण व्होल्टेज दिसायला हवं, कारण सर्किट तिथेच उघडं असतं. दाबल्यावर ते जवळजवळ शून्यावर यायला हवं. तुमच्याकडे न दाबता १७.८ व्होल्ट होते, आणि हलकं दाबल्यावरही तेवढेच राहत होते. म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून बेलच्या कॉइलमधून (आतल्या तारेच्या वेटोळ्यातून) बटणापर्यंत लाइन येत होती, बटण ती पुढे सोडत नव्हतं. नंतर बटणाच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या तेव्हा बेल खणखणीत वाजली. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एखादा लूज सांधा त्याला कळत नाही. वायरी टेकवल्यावर पूर्ण लोड येतो आणि सांधे धड आहेत की नाहीत ते समजतं.

ट्रान्सफॉर्मरवर १६ व्होल्ट छापलेले आणि मोजल्यावर १७.८, हा दोष नाही. लोड नसताना थोडं जास्त दिसतंच. बेल वाजत असताना १५.४ होते. तोच आकडा १०-११ पर्यंत कोसळला असता तर ट्रान्सफॉर्मर तेव्हाच बदलायला सांगितला असता. धडधाकट ट्रान्सफॉर्मर ‘एकदाच सगळं नवं करून टाकू’ म्हणून काढला असता, तर या एका स्टारवर आम्ही काहीच बोललो नसतो.

आता मधल्या काळात काय झालं. दुसऱ्यांदा आलो तेव्हा दाराच्या चौकटीला ताजा ऑइल पेंट होता. रंग बटणाच्या टोपीभोवतीच्या फटीत उतरून वाळला होता आणि बटण अर्धं आत अडकलं होतं. बाहेरून बघितलं तर काही कळत नव्हतं, नखाने टोपी उचलायला गेल्यावर ती हलेना. दोन सुरांच्या बेलमध्ये बटण दाबलं की कॉइल प्लंजरला, म्हणजे तिच्या नळीत सरकणाऱ्या लोखंडी दांड्याला, ओढते आणि पहिला सूर वाजतो. सोडलं की स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि दुसरा वाजतो. बटण अडकलं तर दुसरा सूर येतच नाही, नुसती बारीक घूं-घूं ऐकू येते आणि कॉइलमधून करंट चालूच राहतो. ट्रान्सफॉर्मरची क्षमता १० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर), म्हणजे तो जेमतेम ०.६ अँपिअरचा, तोही काही सेकंदांच्या लोडसाठी. रात्रभर तसाच लोड बसला की तो तापतो आणि प्रायमरीच्या (मेन लाइन जोडतात त्या बाजूच्या) वाइंडिंगमधला थर्मल फ्यूज उडतो. हा फ्यूज एकदाच चालतो, थंड झाल्यावर परत जोडला जात नाही. एमसीबी पाडून, वायरी सोडवून प्रायमरीला ओहम मोजले तर मीटर ओपन, म्हणजे आत तुटलेलं, दाखवत होता. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला तिथे वाइंडिंगचे ओहम दिसतात. कॉइल शाबूत होती, प्लंजरची प्लास्टिकची नळी वितळलेली नव्हती, म्हणून बेल तशीच ठेवली. बटणाच्या कडेचा रंग ब्लेडने सोडवला आणि त्याचे पैसे लावले नाहीत, तुमच्या बिलात बघा. जुना ट्रान्सफॉर्मर तुमच्याकडेच ठेवून आलोय. कोणाकडूनही मोजून घ्या.

तेलाचं म्हणाल तर प्लंजरला तेल हे या बेलचं दुखणं आहे, औषध नाही. सुरुवातीला छान सरकतो, मग तेलावर धूळ बसून चिकटा होतो आणि प्लंजर अर्ध्यावर थांबतो. प्लंजर बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो आणि नळी पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, कोरडाच परत बसवायचा. अल्कोहोल वाळेपर्यंत सप्लाय चालू करू नका.

२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावता आला असता, बेल मोठ्यानेही वाजली असती. पण १६ व्होल्टच्या कॉइलला दीडपट व्होल्टेज दिलं की उष्णता दुपटीहून जास्त होते. तुमचं बटण एकदा अडकून झालेलं आहे, त्यामुळे पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मरच्या आधी कॉइल जळाली असती. व्होल्टेज बेलच्या झाकणाआड छापलेलं असतं, तेवढंच द्यायचं. व्हीए थोडे जास्त असले तरी चालतात.

हा रिव्ह्यू वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, कारण ‘दोन वायरी टेकवायला कशाला माणूस लागतो’ असंही तुम्ही लिहिलंय. प्रत्येक बेलला ट्रान्सफॉर्मर नसतो. कित्येक घरांत बेल थेट मेन लाइनवर, २३० व्होल्टवर असते आणि बटण दिसायला तसंच असतं. तिथे वायरी टेकवणं जिवावर बेतू शकतं. बटणामागे स्विचबोर्डात असते तशी जाड वायर आली असेल किंवा बेलवर २३० छापलं असेल, तर हात लावू नका. टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: बटण न्यूट्रलच्या बाजूला घातलेलं असेल तर एका वायरीला टेस्टर गप्पच राहतो आणि दुसरी बेलमधून फेज घेऊन उभी असते. मीटर आधी सगळ्यात मोठ्या एसी रेंजवर ठेवून दोन वायरींमध्ये मोजा. आकडा ८ ते २४ च्या आसपास आला तरच पुढचं करा. मीटर नसेल तर एमसीबी पाडून फक्त बटण बदला, यात शहाणपण आहे.

तुमच्याकडे सध्या बटण मोकळं आहे. चौकटीला दुसरा हात द्यायचा असेल तर एमसीबी बंद करून बटणावर मास्किंग टेप लावा, रंग वाळल्यावर टेप काढून टोपी दोन-चारदा दाबून बघा आणि मगच सप्लाय चालू करा. तरीही घूं-घूं ऐकू आली तर लगेच एमसीबी पाडा आणि दुकानाच्या नंबरवर कळवा. या बिलावर त्या व्हिजिटचा चार्ज लागणार नाही.