मेड्युसाचा गुन्हा नेमका कोणता?

‘ग्रीक पुराणांत मत्सर आणि विश्वासघात यांना देव नेहमी योग्य तीच शिक्षा देतात’ असं सांगणारा एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. चार उदाहरणं आहेत : मेड्युसा, मिडिया, इक्सायन आणि अराक्नी. खाली ‘पेराल तसं उगवेल’ आणि जोडलेले हात. भाचीने त्यावरूनच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण लिहायला घेतलंय, म्हणून हे खोडून काढणं भाग आहे.

पहिलं उदाहरण सगळ्यांत वाईट. म्हणे, ‘मेड्युसाने समुद्रदेवाशी संबंध ठेवून अथेनाच्या देवळाचा विश्वासघात केला, म्हणून तिच्या केसांचे साप झाले.’ (अथेना ही ग्रीकांची देवी.)

केसांचे साप होण्याची ही कथा आपल्याला माहीत आहे ती मुख्यतः रोमन कवी ओव्हिडमुळे. त्याच्या ‘मेटॅमॉर्फोसेस’ या काव्याच्या चौथ्या सर्गाच्या अगदी शेवटी ती येते. मेड्युसाचं डोकं उडवणाऱ्या पर्सियसच्या लग्नाची पंगत बसली आहे. एक पाहुणा विचारतो, तिघी बहिणींत मेड्युसाच्याच केसांत साप का? पर्सियसचं उत्तर दहाएक ओळींचं. ती रूपवती होती, तिला अनेकांची मागणी होती, आणि केस तर सर्वांत देखणे. मग येतं ‘व्हिटियासे’ हे क्रियापद. अर्थ : भ्रष्ट करणं, अब्रू लुटणं. करणारा समुद्रदेव नेपच्यून, म्हणजे ग्रीकांचा पोसायडन. जिच्यावर केलं ती मेड्युसा. ‘संबंध ठेवले’ हे भाषांतर कुठून आलं? मिनर्व्हा, म्हणजे अथेना, तोंड फिरवते, ढालीआड डोळे झाकते आणि ‘हे शिक्षेविना जाऊ नये’ म्हणून मुलीच्या केसांचे साप करते. नेपच्यूनला शिक्षा? एक अक्षर नाही. आपल्याकडे अहल्येच्या कथेत निदान इंद्रालाही गौतमाचा शाप भोगावा लागला.

ओव्हिडच्या सुमारे ७०० वर्षं आधीच्या ग्रीक कवी हेसिअडकडे तर देऊळही नाही आणि शिक्षाही नाही. पोसायडन आणि मेड्युसा वसंतातल्या फुलांच्या कुरणात एकत्र येतात, एवढंच. तिघींपैकी मर्त्य तेवढी हीच.

एक कबूल करतो. अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रीक पुराणकथांच्या ग्रंथात, मेड्युसाला रूपात अथेनाशी बरोबरी करायची होती म्हणून तिचं डोकं उडवलं, असं ‘काही जण सांगतात’ म्हणून नोंदवलंय. म्हणजे चढाओढीचा धागा अगदीच हवेतला नाही. पण तो शिरच्छेदाला जोडलाय, देवळाला नाही. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र कालवलं आणि जिच्यावर अत्याचार झाला तिलाच दगाबाज ठरवलं. शाळकरी मुलींपुढे हे ‘न्याय’ म्हणून ठेवायचं?

मिडिया. ‘मत्सरापोटी तिने मुलं मारली आणि त्याचं फळ भोगलं.’ कुठे भोगलं? नवरा जेसन तिला सोडून एका राजकन्येशी लग्न करतो, म्हणून ती सूड घेते. ग्रीक नाटककार युरिपिडिसच्या इ. स. पूर्व ४३१च्या नाटकात शेवटी ती आजोबा सूर्यदेवाच्या रथातून अथेन्सला निघून जाते. तिथल्या राजाकडून आसऱ्याची शपथ तिने आधीच घेऊन ठेवलेली. जीव गेले ते राजकन्येचा, तिच्या बापाचा आणि दोन लेकरांचा. दगा देणारा जेसन मागे जिवंत.

इक्सायनचं उदाहरण मात्र बसतं, नाइलाजाने मानावं लागतं. वधूशुल्क बुडवायला त्याने सासऱ्याला निखाऱ्यांच्या खड्ड्यात ढकललं. देवांचा राजा झ्यूसने त्याला शुद्ध करून घरात घेतलं, तर याची नजर झ्यूसच्याच बायकोवर, हेरावर. ग्रीक कवी पिंडारच्या काव्यात तो चार आऱ्यांच्या चाकाला जखडलेला फिरतो. पण हा एकटा.

मत्सराच्या शिक्षेचं खरं उदाहरण मजकुरात नाहीच. ओव्हिडच्या दुसऱ्या सर्गात अग्लॉरॉस बहिणीवर जळते आणि तिची शिळा होते. पण तिच्या मनात मत्सर भरला कोणी? मिनर्व्हा स्वतः मत्सरदेवतेच्या घरी जाऊन, हिच्यात विष कालव, असं सांगते. विष देवीने पाठवलं, दगड झाली मुलगी. अग्लॉरॉस लोभी होती हे खरं, पण ही शिक्षा लोभाची नव्हे.

राहिली अराक्नी, ‘मत्सरी विणकरीण’. ती गर्विष्ठ होती. विणकाम मिनर्व्हा देवीकडून शिकले हे नाकारून तिने वर देवीलाच विणण्याच्या स्पर्धेचं आव्हान दिलं. मत्सर मात्र तिचा नव्हे. सहाव्या सर्गात ओव्हिड लिहितो की अराक्नीने विणलेल्या कापडात खोट काढणं मिनर्व्हाला जमलं नसतं, खुद्द मत्सरालाही नाही. हे यश देवीला सलतं. ती कापड फाडते, लाकडी धोट्याने तिच्या कपाळावर तीन-चार वार करते. अराक्नी गळफास घेते, मग देवी तिचा कोळी करते. आणि फाडलेल्या त्या कापडावर काय विणलं होतं? देवांनी रूपं बदलून बायकांना कसं फसवलं त्याची चित्रं. त्यांत पक्ष्याच्या रूपातला नेपच्यूनही आहे, आणि त्याच्यासोबत मेड्युसा.