दंडावरची ठिपक्यांची रांगोळी

मुलाने वाढदिवसाला बीपीचं मशीन दिलं. त्याच रात्री लावलं, १५२ आलं. घाबरलो, म्हणून पुन्हा मोजलं. १५८! आकडा उतरल्याशिवाय उठायचंच नाही असं ठरवून बसलो. मध्ये जरा हात हलला की मशीन पहिल्यापासून फुगायचं, तेही आधीपेक्षा जोरात. आमच्या पीटीच्या मास्तरांचा हा स्वभाव होता. अकराव्या खेपेला १३४ आलं, तेव्हा झोपलो.

सकाळी अंघोळीला शर्ट काढला, तर दंडापासून कोपरापर्यंत बारीक लाल ठिपके. कोणी कागद ठेवून रांगोळीसाठी पाडावेत तसे.

"अहो, पित्त उठलंय!" हिने आमसुलाचं पाणी फासलं. खाज नाही म्हटल्यावर "मग नागीण." शेजारच्या वहिनींनी उंबऱ्यातूनच डेंग्यू ठरवला आणि पपईची पानं आणून दिली. तो कडूजहर रस पोटात गेल्यावर बीपी बघणं भागच होतं. या खेपेला शहाणपणाने दुसऱ्या हातावर पाहिलं, चार वेळा. संध्याकाळी तिथेही ठिपके. रोग पसरतोय यावर घरात एकमत झालं. आमच्या घरात हे क्वचित होतं.

डॉक्टरांनी ठिपक्यांवर काच दाबली. "पित्त असतं तर फिकं पडलं असतं. हे कातडीखाली सांडलेलं रक्त आहे." दूध सांडल्यासारखं बोलले! पण प्लेटलेट २ लाख १० हजार, म्हणजे उत्तम.

"काका, बीपी किती वेळा मोजता?"

मी निम्मा आकडा सांगितला. तरी ते हसले.

डेंग्यूच्या संशयात म्हणे मुद्दाम हेच करतात. वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधोमध पट्टा ५ मिनिटं आवळून ठेवायचा, मग चौरस इंचात किती ठिपके उठले ते मोजायचे. १० झाले की संशय वाढला. "तुम्ही तर दोन्ही हातांवर केलंत, तेही घरबसल्या." त्यात माझी रोजची ॲस्पिरिनची गोळी आणि साठी उलटलेल्या केशवाहिन्या. एवढ्या आवळाआवळीत फुटल्या बिचाऱ्या.

हुकूम झाला: ५ मिनिटं गप्प बसायचं, मगच मोजायचं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती. त्यातलं गप्प बसणंच हिला फार पटलं.

मशीन आता माळ्यावर, चकलीच्या सोऱ्याशेजारी आहे. वेळेला हीच काढून देते. परवा ही देवळात गेल्यावर मी स्टुलावर चढून काढलं. १५६ आलं. चढण्याच्या दमाने असेल, म्हणून पुन्हा मोजलं.