अमेरिकेचं नाव घेऊन कार्ड विकणाऱ्यांनो, तिथला कायदाही सांगा

'अमेरिकेत क्रेडिट कार्डाशिवाय पान हलत नाही, आपल्या पोरांनीही कॉलेजात असतानाच कार्ड काढावं,' हा सल्ला हल्ली संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या मुलांना सर्रास मिळतो. घरातली वडीलधारी मंडळी दुसऱ्या टोकाला असतात. कार्ड म्हणजे कर्ज, आणि कर्जापायी बसलेली घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. मी मूळचा बीड जिल्ह्यातला, आता डॅलसला नोकरी करतो, म्हणून भाचे-पुतणे निवाडा माझ्याकडे मागतात. माझा कौल वडीलधाऱ्यांकडे झुकतो. फक्त 'कार्ड कधीच नको' हे मला पटत नाही.

अमेरिकेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला कार्ड लागतं, हे खरं आहे. घर भाड्याने द्यायच्या आधी क्रेडिट, म्हणजे आधीची उधारी फेडल्याची नोंद, तपासतात. टेक्सासमध्ये तर इतिहास कोरा असेल तर वीज कंपनीसुद्धा अनामत मागते. आणि फायको स्कोअर, म्हणजे त्या नोंदीवरून मिळणारे गुण, तयार व्हायला खातं किमान सहा महिने जुनं असावं लागतं. त्यामुळे बरेच विद्यार्थी बँकेत दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून कार्ड घेतात. ती त्यांची अडचण आहे, हौस नाही. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात खोली घेताना घरमालक गावचं नाव आणि वडिलांचा नंबर विचारतो, स्कोअर नाही. चहापासून मेसच्या पैशांपर्यंत सगळं यूपीआयवर भागतं.

अमेरिकेचा दाखला देणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. तिथे 2009 साली कार्ड कायदा झाला. 21 वर्षांखालच्या मुलाला स्वतःची कमाई दाखवल्याशिवाय किंवा किमान 21 वर्षांचा जामीनदार उभा केल्याशिवाय कार्ड देता येत नाही. कॉलेजच्या आवारात टी-शर्टसारख्या वस्तू फुकट वाटून अर्ज भरून घ्यायलाही बंदी आली. इतकी वर्षं कार्डावर जगलेल्या देशाला हे कायद्याने करावं लागलं, यातच सगळं आलं.

आपल्याकडे 18 पूर्ण झाली की कायद्याची अशी आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनी न मागता कार्ड गळ्यात मारायला मनाई केली, हे चांगलं झालं. पण व्याजाचं काय? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. आता दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज सहज लागतं.

मुलं फसतात ती बिलातल्या 'किमान देय रक्कम' या ओळीवर. समजा 20,000 थकले. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज 700, त्यावर 18 टक्के जीएसटी 126, म्हणजे 826. बँकेने किमान रक्कम 5 टक्के धरली तर मुलगा 1,000 भरतो आणि निर्धास्त होतो. मुद्दल फिटलं फक्त 174. वर, बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आमच्या भागातल्या ऊसतोड्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल हंगामभर कोयता चालवूनही अंगावर उरते, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून आपल्याकडे स्कोअर देणारी कंपनी; तिची धास्ती मराठवाड्यात आधीच घरोघरी आहे. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं, तरी शेतकऱ्यांच्या तक्रारी थांबत नाहीत. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात, म्हणजे बापाचं थकलेलं खातं लेकराच्या फाईलवर येतं. अशा घरातल्या मुलाने विसाव्या वर्षी स्वतःचाही स्कोअर बिघडवून घेणं मला फार लागतं.

मग कार्ड घ्यायचंच असेल तर कोणतं? मुदत ठेवीवरचं. दहा-पंधरा हजारांची ठेव, तिच्या आतली मर्यादा, वार्षिक शुल्क शून्य. लाउंज आणि पॉइंट यांकडे बघूच नका. परभणीहून पुण्याला एसटीने जाणाऱ्या मुलाला विमानतळाच्या लाउंजचा काय उपयोग? बिल आपोआप कापायची सोय करताना 'पूर्ण रक्कम' निवडा, कारण 'किमान'चाही पर्याय तिथेच शेजारी असतो. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. आणि वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो, तो काढून आई-वडिलांसोबत बसून वाचा.

रिझर्व्ह बँकेकडे माझी मागणी एवढीच आहे: कमाई नसलेल्या 21 वर्षांखालच्या मुलांना ठेवीवरचंच कार्ड मिळावं, आणि कॉलेजच्या फाटकातले कार्डाचे स्टॉल बंद व्हावेत.