‘किटकॅट फ्यूजच बरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“एमसीबी उगाच पडते, जुना किटकॅट फ्यूजच बरा. सारखा जात असेल तर तार जरा जाड घाला. फ्यूज आहे तोवर शॉकची भीती नाही.” हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा खटका; किटकॅटमध्ये तेच काम आतली बारीक तार वितळून करते. चाळींत, वाड्यांत आजही लाकडी बोर्डावर हे चिनीमातीचे फ्यूज आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक सल्ला जाड तारेचा. 5 अँपिअरच्या फ्यूजला 0.2 मिलिमीटरची तांब्याची तार लागते. तिथे 1 मिलिमीटरची तार पिळून बसवली, तर ती वितळायला साधारण 80 अँपिअर लागतात. भिंतीतली दीड स्क्वेअर एमएमची वायर जेमतेम 15 सोसते. मग फ्यूज शाबूत राहतो आणि जळते ती वायर. जुन्या घरात तिच्यावरचं रबर वाळून तडकलेलं असतं, वर लाकडी पट्टी.

एमसीबी उगाच पडत नाही. रेटिंगच्या 1.45 पट करंट गेला तर तासाभरात तिने पडलंच पाहिजे, असं मानकच आहे. तारेचा फ्यूज जवळपास दुप्पट करंट होईपर्यंत तग धरतो. गीझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री एका लाइनवर आली की 20 अँपिअर सहज ओलांडतात. 15 चा फ्यूज ते निमूट सोसतो, वायर मात्र तापत राहते. योग्य तार घातलेला फ्यूज शॉर्टसर्किटला उडतो, हे खरं. पण या रोजच्या ओव्हरलोडला तो पुरत नाही.

आणि शॉक? 30 मिलिअँपिअरच्या पुढे करंट अंगातून गेला तर जिवावर बेतू शकतं. 5 अँपिअर म्हणजे 5000 मिलिअँपिअर. माणूस चिकटला तरी फ्यूजला पत्ता लागत नाही. साध्या एमसीबीलाही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबीच हवी, म्हणजे करंट अंगातून किंवा जमिनीत गळू लागला की लगेच लाइन तोडणारा खटका.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला जास्त छळते. जुन्या बोर्डांत फेज (जिवंत वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) दोन्हींवर फ्यूज असतो. न्यूट्रलचा उडाला की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच. लाइट गेली समजून माणूस बल्ब काढायला जातो. न्यूट्रलवर एकटा फ्यूज घालायला 1956 च्या वीज नियमांतच मनाई होती.

बोर्ड बदलताना परवानाधारक वायरमनकडून आधी मेगरने, म्हणजे वायरवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंग तपासून घ्या. लाइटला 6 आणि पॉवरला 16 ची एमसीबी, तीही वायर तेवढी सोसत असेल तरच. पडू नये म्हणून 32 ची बसवून घेतलीत, तर ती जाड तारच झाली.