पायथनचा वेगळा ग्रुप काढायचा म्हणता? काढा ना भाऊ!

तालुक्याच्या पायथन ग्रुपात, म्हणजे पायथन ही कोडिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात, लई गर्दी झाली असं तुम्हाले वाटून राह्यलं असेल तर आधी अभिनंदन घ्या. मेंबर अडीचशेच्या आसपास, बोलणारे सातआठ, उत्तर देणारा एक, अन बाकी सगळं गुड मॉर्निंगचे फुलं अन तलाठी भरतीच्या पीडीएफ. एवढ्या रेटारेटीत अभ्यास होते का कधी? व्हॉट्सॲप एका ग्रुपात १०२४ माणसं बसू देते हे खरं, पण तो आकडा तिकडं अमेरिकेत बसून काढला, त्यांले आपल्या तालुक्याचं काय माहीत.

आता कारण शोधा. खरं कारण तुम्हाले माहीत आहे, परवा तुम्ही प्रश्न टाकला तं एका पोट्ट्यानं "गूगल कर ना बे" म्हणलं अन त्याच्यावर तिघांनी हासायचे इमोजी टाकले, त्यातला एक तुमच्याच सोयऱ्यातला. पण हे कुठं लिहू नका. लिहायचं ते असं, "नवीन पोरांले इथं न्याय भेटत नाही." ह्या वाक्याले आजवर कोणी विरोध केल्याचं ऐकिवात नाही, ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत चालते.

मेसेज मात्र मोजू नका. प्रत्येक ग्रुपात एक तरी चिकट माणूस असतेच, तो म्हणन की मागच्या महिन्याचं वर सरकवून पाहा, जँगोचा, म्हणजे पायथनमधून वेबसाइट बनवायच्या साधनाचा, वेगळा ग्रुप पाह्यजे म्हणता तं त्याच्यावर किती प्रश्न आले ते मोजा, अन त्यानं खरंच बाकीच्यांची अडचण झाली का ते सांगा. मोजलं तर तीन निघतात. त्यातले दोन तुमचेच, अन तिसरा तुम्ही टाकून डिलीट केलेला. म्हणून मोजणी नको, "भावना" म्हणा.

जुन्या लोकांचा वेडेपणा ऐकून घ्या, म्हणजे आपण किती पुढं आलो ते समजन. व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधी यूजनेट नावाचं प्रकरण होतं, कॉम्प्युटरवाल्यांच्या चर्चा तिथंच चालायच्या. तिथं नवीन ग्रुप पाह्यजे असला की आधी प्रस्ताव मांडायचा, मंग कित्येक दिवस त्याच्यावर कीस पाडायचा, मंग ईमेलनं मतं मागवायची, अन "हो"वाले "नाही"वाल्यांपेक्षा निदान १०० नं जास्त पाह्यजे, वरून दोन तृतीयांश बहुमतही पाह्यजे. शंभर! आपल्या इकडं वॉर्डातला मेंबर चार मतानं निवडून येते अन गुलाल उधळते. पायथनचा ग्रुपही १९९४ मध्ये असल्याच दरबारातून आला, अन आल्यावर त्या शहाण्यांनी काय केलं, तर आधीपासून चालू असलेली ईमेलची यादी अन हा नवा ग्रुप एकमेकाले जोडून टाकले, इकडचा मेसेज तिकडं अन तिकडचा इकडं. मंग वेगळा काढला कायले?

आपला माणूस म्हणजे त्याच यूजनेटवरचा ब्रायन रीड. ह्याचा रेसिपीचा ग्रुप होता, सगळ्या ग्रुपांची नावं बदलायची टूम निघाली तेव्हा आपल्या ग्रुपाचं नवं नाव काही त्याले पटलं नाही. १९८७ मध्ये तो अन जॉन गिलमोरसारखे दोघंतिघं कॅलिफोर्नियातल्या एका बार्बेक्यूच्या हॉटेलात बसले, अन यूजनेटची ऑल्ट नावाची वेगळी शाखाच काढून मोकळे झाले, जिथं मतदान नाही, परवानगी नाही, ज्याले वाटन त्यानं ग्रुप काढावा. पुढं त्या शाखेत असे असे ग्रुप निघाले की काढणाऱ्याशिवाय तिथं कोणी फिरकलं नाही. म्हणजे सावजीच्या टेबलावर बसून, जेवता जेवता, नाराजीतून ग्रुप काढायची परंपरा चांगली जुनी आहे, लाजायचं कारण नाही.

विषय कोणताही चालते. कोडची ओळ आत सरकवाले टॅब दाबणारे वेगळे, स्पेस दाबणारे वेगळे. किंवा पायथन दोनचा, म्हणजे जुन्या आवृत्तीचा, ग्रुप काढा, त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लेच संपला म्हणून काय झालं, तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात अजून त्याच नोट्स भेटतात, प्रिंटले कंस नसलेल्या, अन पोरं त्यातला कोड नव्या पायथन तीनवर चालवतात अन मंग कॉम्प्युटर खराब आहे म्हणतात.

एक गोष्ट जराशी नाजूक आहे, ती म्हणजे तो उत्तर देणारा. गावचाच पोरगा, पुण्याले कंपनीत आहे, शिफ्ट झाली की रात्री अकराच्या पुढं ग्रुप उघडते. तुम्ही त्याले लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलनं तिरपा काढलेला फोटो पाठवता, त्यात मधोमध ट्यूबलाइट चमकून राह्यली, अन एररची नेमकी शेवटची ओळ कापली गेलेली. पायथन एररचं नाव शेवटच्याच ओळीत सांगते. तो म्हणते, "खालची ओळ पाठव ना भाऊ." तवर इकडं लाइन जाते, लॅपटॉपची बॅटरी तं कवाचीच मेली, दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ जाते, मॉड्यूल नॉट फाउंड, म्हणजे कोडले पाह्यजे ते पॅकेज पायथनले सापडलं नाही. तो समजावून सांगते की तुह्या मशीनवर दोन पायथन आहेत, पिपनं, म्हणजे पॅकेज टाकायच्या साधनानं, ते एकात टाकलं अन तू चालवून राह्यला दुसरा, म्हणून नुसतं पिप नको लिहू, पायथन डॅश एम पिप लिही. हेच तो दर पंधरा दिवसांनी कोणाले ना कोणाले सांगते, अन बाकीचे चुपचाप वाचून शिकतात, दोनशे जण तं त्याच्यासाठीच थांबले आहेत. आता चार ग्रुप झाले तर हेच त्याले चार ठिकाणी सांगा लागन, किंवा तो चारही म्यूट करन. भावाभावाच्या वाटणीत विहीर कोणाकडं जाते ह्यावरून कोर्टकचेऱ्या होतात, तुम्ही विहिरीचा विषयच काढू नका, सरळ मधात धुऱ्याचा बांध टाका.

मंग पोल घ्या. पर्याय तीन ठेवा: "हो", "लवकर", अन "भाऊ म्हणतीन तसं". ज्यानं मत दिलं नाही तो "हो"मध्ये धरा. ॲडमिन निदान पाच करा, सोयरा सोडून. सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननं मेसेज टाकायचं ठेवा, शिस्त राह्यते.

पहिल्या दिवशी साठसत्तर जण येतीन, वेलकम अन हात जोडलेले इमोजी पडतीन, एकजण ढेपेचा भाव विचारन, मंग शांत. आठवड्यानं तुमचाच कोड अडकन. नव्या ग्रुपात प्रश्न टाका, दोन निळ्या टिका येतीन, उत्तर येणार नाही. घाबरू नका, जुन्या ग्रुपातून तुम्ही अजून लेफ्ट झालेच नाही. तिथंच टाका, पण फॉरवर्ड करू नका, शिक्का दिसते. नव्यानं टाइप करा, अन फोटो काढताना खालची ओळ येऊ द्या.