दोन ठिपके कमी पडले

"सर, तुमचे तीनच भरतायत. पाच लागतात."

काउंटरपलीकडच्या पोराने हे सांगताना चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ आणली होती, त्यामुळे मी जास्तच पेटलो. नवाकोरा चोवीस इंची मॉनिटर. त्यात एक हिरवा ठिपका कायमचा पेटलेला आणि दोन कायमचे विझलेले. बिल, वॉरंटी कार्ड, थर्माकोलसकट मूळ खोकं, असं सगळं लटांबर घेऊन मी पुण्यातल्या त्या सर्व्हिस सेंटरचे जिने चढलो होतो (लिफ्ट अर्थातच बंद). आणि कंपनीचं म्हणणं असं, की बदलून हवा असेल तर आणखी दोन ठिपके घेऊन या.

खोकं होतं हेही नशीबच म्हणायचं. २०१८ पासून मखराला थर्माकोल चालत नाही, म्हणून आमच्या माळ्यावरचे तुकडे शाबूत राहिले. त्याआधी असतं, तर भाद्रपदात त्याचे खांब झाले असते आणि 'ओरिजिनल पॅकिंग आणलंय का?' या प्रश्नावरच मी बाद झालो असतो.

एवढ्याशा ठिपक्याने काय बिघडतं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आठवडाभर प्रुफं तपासून बघावीत. माझं पोट मुद्रितशोधनावर चालतं. हिरवा ठिपका स्क्रीनच्या जवळजवळ मध्यावर, ओळीच्या डोक्यावर येईल असा बसलेला. पान सरकवलं की तो या शब्दावरून त्या शब्दावर. 'घर'चं 'घरं', 'मत'चं 'मतं', 'शेत'चं 'शेतं'. हिरवा असला म्हणून काय झालं, सहा तास वाचल्यावर डोळ्यांना रंग कळत नाही, टिंब तेवढं कळतं. मी ते खोडायला जातो आणि खालचं धडधाकट अक्षर उडतं. एका गृहस्थांच्या आत्मचरित्रात त्यांनी आयुष्यात एकदाच विकलेलं शेत मी अशाने पार 'शे' करून ठेवलं होतं.

तर ते पोरगं. त्याच्या मते मी नशीबवान होतो. पडद्यावर उभ्या १९२० रांगा, आडव्या १०८०, म्हणजे चित्राचे २०,७३,६०० ठिपके, पिक्सेल. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे, आणि काचेवर त्या प्रत्येकाचा वेगळा ट्रान्झिस्टर. "बासष्ट लाख झाले सर! त्यात तीन म्हणजे काहीच नाही." एक कप्पा गेला म्हणून तेवढाच बदलता येत नाही, अख्खं पॅनेल बदलावं लागतं, आणि मॉनिटरमध्ये पॅनेलखेरीज किमतीचं असतंच काय? म्हणून हा हिशेब.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक काका बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर प्रिंटर. प्रिंटर पिशवीत आणि पिशवी लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानाची. शर्टाच्या खिशात एक भिंग होतं. ते औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला बाळगतात, आणि एकदा एका केमिस्टला त्यांनी त्या भिंगाच्या जोरावर कसं उघडं पाडलं, हे मला न विचारताच कळलं होतं.

"टीव्ही का?"

"मॉनिटर आहे काका."

"काय झालंय?"

"ठिपका आहे."

"कुठाय?"

एवढं विचारून त्यांनी प्रिंटर माझ्या मांडीवर ठेवला आणि भिंग काढून उठले. पोरगं तेव्हा स्क्रीन एकदा पांढरी, एकदा काळी, मग लाल, हिरवी, निळी अशी करून दाखवत होतं. तपासायची तीच पद्धत आहे. काळ्यावर माझा हिरवा ठिपका लखलखला.

"ही धूळ आहे," काका म्हणाले आणि रुमालाने पुसू लागले. धूळ जाईना. त्यांनी रुमालाचं टोक जिभेला लावलं तेव्हा पोरगं "काका, काका!" करत काउंटरवरून जवळजवळ आडवं झालं.

"हां. आहे खरा." मग ते सगळ्या वेटिंग रूमकडे वळले. "आहे हो!"

झालं. लॅपटॉप घेऊन बसलेली एक मुलगी आली, चार्जर बदलायला आलेला कॉलेजचा पोरगा आला, दारावरचा सिक्युरिटीवाला आला. सिक्युरिटीवाल्याला काहीच दिसलं नाही. मुलीला दिसला, पण तिच्या मते तो निळा होता. कॉलेजच्या पोराने सांगितलं की रंग भराभर बदलणारा व्हिडिओ रात्रभर लावून ठेवला की ठिपका सुटतो. लावला होता, सुटला नाही, एवढं सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर काकांनी खटला हातात घेतला होता.

"अरे बाळा, यांचे तीन आहेत, तू पाच मागतोस. दोनाचं ग्रेस दे की. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. काठावरच्या पोराला मी कधी अडवलं नाही."

"सिस्टिम घेत नाही काका. पाच टाकल्याशिवाय रिप्लेसमेंटचं बटणच येत नाही."

"मग पाच टाक."

"प्रत्येकाचा फोटो लागतो."

काकांना हे पटलं. मास्तर असल्यामुळे पुराव्याबद्दल आदर. आणि मग त्यांनी उरलेले दोन शोधायला घेतले. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, भिंग लावून, इंच इंच सरकत. वेटिंग रूममध्ये कुणी बोलेना. मी प्रिंटर धरून बसलो होतो, कारण तो खाली ठेवायचा नाही अशी ताकीद होती, त्याला तिरकं चालत नाही.

"चौथा!"

सगळे उठले. पोराने वाकून पाहिलं, नखाने हलकेच खरवडलं. हळद निघाली.

"तुम्ही याच्यासमोर जेवता?" काकांनी मला विचारलं. माझ्या बाजूने उभा असलेला एकुलता एक साक्षीदार मी त्या क्षणी गमावला हे मला कळलं. म्हणून घाईघाईने मी त्यांना खरी अडचण सांगितली. मुद्रितशोधन, फिरतं टिंब, घरांची घरं.

काकांनी भिंग खाली केलं. "म्हणजे अनुस्वार येतो?"

"हो."

"आपला आपण?"

"हो ना."

"मग बदलून कशाला घेताय?"

आता हे समजायला १९६२ सालात जावं लागतं. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि जे अनुस्वार उच्चारात ऐकू येत नाहीत ते लिहिण्यातूनही काढून टाकले गेले. 'नाहीं'चं 'नाही' झालं, 'केलें'चं 'केले', 'कां'चं 'का'. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे नियम पाठ असतात. पण त्या दिवसांत प्रत्यक्ष शाळेत असलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तो साठ वर्षं धुमसत होता. "आधी अनुस्वार दिला नाही म्हणून छडी खाल्ली, मग दिला म्हणून खाल्ली. गुरुजी तेच, छडी तीच! आम्हाला कुणी विचारलं होतं? आणि आज इतक्या वर्षांनी एक बिचारा आपल्या पायांनी परत आलाय, तर तुम्ही त्याला घालवायला निघालात!"

पोरगं म्हणालं, "काका, टोकन किती तुमचं?"

काकांचं टोकन एकेचाळीस होतं. फळ्यावर त्रेचाळीस लागला होता.

यानंतर जे झालं त्याचा मला अजून राग आहे. नव्या टोकनला जेवणाच्या सुट्टीनंतरचा नंबर लागला, आणि काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "यांच्या एका ठिपक्यापायी माझा नंबर गेला!" मी बोलावलं होतं का तुम्हाला? लॅपटॉपवाली मुलगीही माझ्याकडे बघून मान हलवत होती. काकांनी माझ्या मांडीवरून प्रिंटर ओढून घेतला आणि समोरच्या रांगेत जाऊन पाठ करून बसले. प्रिंटर तिरका झाला असावा. माझ्या पँटवर काळ्या शाईचे ठिपके होते. ते पाचाहून बरेच जास्त भरले असते.

घरी येऊन मी वाचत बसलो. या ठिपक्यांसाठी २००१ साली चक्क आंतरराष्ट्रीय मानक निघालं होतं, आयएसओ १३४०६-२. पडद्यांचे चार वर्ग. पहिल्या वर्गात एकही खोट चालत नाही. दुसऱ्यात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि पाच अर्धवट बिघडलेले माफ. तुमच्याआमच्या टेबलावर येतो तो माल सहसा दुसऱ्या वर्गातला. २००८ मध्ये ते मानक गेलं, ९२४१ नावाची मालिका आली, पण मोजून माफ करायची चाल कायम राहिली. बरं, दुकानात 'फुल एचडी' (म्हणजे तेच वीस लाख पिक्सेल) एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. 'पैकी चार-पाच नसतीलही' असं कुठे लिहितात? वॉरंटीच्या माहितीपत्रकात, अकराव्या भाषेनंतर.

ग्राहक संरक्षण कायदाही वाचला. २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू. मालाच्या गुणवत्तेत किंवा दर्जात कोणतीही उणीव म्हणजे दोष, इतकी ऐसपैस व्याख्या. मग पुढे मेख आहे. दर्जा कुठला, तर कायद्याने किंवा कराराने जो राखायचा तो. आणि करार म्हणजे तेच माहितीपत्रक, जे पैसे भरून खोकं फोडल्याशिवाय हाताला लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीसुद्धा नाही, हे सगळं खरं आहे. पण तीन ठिपक्यांसाठी तारखांना कोण उभं राहणार, हे कंपनीला माझ्याइतकंच ठाऊक आहे. ती पाचाची संख्या त्या हिशेबानेच ठरली असावी असा माझा दाट संशय आहे.

सुटका झाली ती मॉनिटरच्याच कृपेने. एका सकाळी चालू केला तर वरपासून खालपर्यंत गुलाबी उभी रेघ. पॅनेलच्या कडेला चिकटवलेली फीत सुटली की अशी रेघ येते म्हणतात. वीस हजारांची वस्तू डोळ्यांदेखत आणखी बिघडलीय आणि मी बायकोला उत्साहाने हाका मारतोय, "ये, बघ, रेघ आली!" एका फटक्यात १०८० ठिपके! पाचाची अट मी दोनशे सोळा वेळा पार केली होती. सिस्टिममध्ये बटण उगवलं.

बदलून आलेला मॉनिटर नवा नव्हता. माहितीपत्रकात 'नवीन अथवा नूतनीकृत' असं असतं, आणि त्यातलं 'नवीन' हे शोभेला असतं. मागे कुणाच्या तरी ऑफिसच्या स्टिकरचा अर्धा तुकडा, त्यावर 'अकाउंट्स' एवढं वाचता येतं. मेन्यू चिनी भाषेत. आणलेल्या माणसाने खोकं उंबऱ्यात टेकवून आधी ओटीपी मागितला. मी म्हटलं, लावून तर बघू. तो म्हणाला, मला अजून चार कॉल आहेत. मी नाही दिला. लावला, तर खालचा उजवा कोपरा पिवळट उजळलेला, आतला दिवा फटीतून गळतोय. ठिपके मात्र शून्य.

आता रोज फोन येतो. "सर, कंप्लेंट क्लोज करायचीय, ओटीपी सांगा."

"कोपऱ्याचं काय?"

"त्याची वेगळी कंप्लेंट टाका ना सर."

"टाकतो. घ्या."

"आधीची क्लोज झाल्याशिवाय नवीन घेत नाही सर सिस्टिम."

आणि आधीची क्लोज केली, की कोपरा उजळणं 'सामान्य' आहे असं त्याच माहितीपत्रकात आहे. मी पाहून ठेवलंय. ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो, म्हणून ते रोज नवा पाठवतात आणि मी रोज देत नाही. कालपासून तो बायकोच्या मोबाइलवर यायला लागलाय, फॉर्मवर पर्यायी नंबर म्हणून मीच तिचा दिला होता. तिला बजावून ठेवलंय, कुणी कितीही गोड बोललं तरी सहा आकडे सांगायचे नाहीत.