‘लिनक्स टाकलं की बँक खातं गोठतं’ म्हणे!

रविवारी सकाळी साडेसातला सांगलीहून आत्याचा फोन. एवढ्या सकाळी फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असं वाटून मी धडपडत उठलो. कुणी गेलं नव्हतं. जायच्या वाटेवर होता तो तिचा कॉम्प्युटर.

“अरे, दुकानवाला जुन्याचे दीड हजार देतो म्हणतोय. नवा बेचाळीस हजारांना पडेल. घेऊन टाकू का? आणि तू मागे ते लिनक्स का काय म्हणत होतास ना, ते टाकलं तर पोलिसांत नोंद होते म्हणे.”

आत्या एकाहत्तर वर्षांची. निवृत्त शिक्षिका, भजनी मंडळाची चिटणीस. कॉम्प्युटरवर ती तीन कामं करते: मंडळाच्या सूचना टाइप करणं, बँकेचं स्टेटमेंट बघणं आणि यूट्यूबवर अभंग ऐकणं. आणि लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी, कॉम्प्युटर चालवणारी फुकट सिस्टिम. यासाठी पोलीस?

मग तिनं मेसेज पाठवला. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का. मजकूर थोडक्यात असा: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० बंद झालं, आता तुमचा कॉम्प्युटर कधीही मान टाकेल. लोक लिनक्स टाकायला सांगतील, फसू नका. ते हॅकर लोकांचं आहे, त्यावरून बँकेत शिरलात तर खातं गोठतं आणि सायबर पोलिसांकडे नाव जातं. त्यात मराठी येत नाही. सगळं काळ्या खिडकीत कमांड लिहून करावं लागतं. फुकट आहे म्हणजे तुमचा डेटा विकतात. जर्मनीनं वापरून फेकून दिलं. आणि शेवटी: ‘जुन्या मशीनवर विंडोज ११ फुकट चालू करायला खालच्या लिंकवरून फाइल घ्या. आधी अँटिव्हायरस बंद करा.’ त्याखाली जोडलेले हात.

विंचवाची नांगी शेवटी असते, म्हणून मीही शेवटापासूनच सुरुवात करतो.

‘अँटिव्हायरस बंद करा आणि ही फाइल चालवा.’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं लिहिलं, पण ते पुढे पाठवणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांना काहीच खटकलं नाही? घराचं कुलूप काढून ठेवा, माणूस येऊन दुरुस्ती करून जाईल, असं कुणी सांगितलं तर आपण ऐकू का?

लिंक मी उघडली नाही, तुम्हीही उघडू नका. पण असल्या, म्हणजे विकत न घेतलेलं विंडोज ‘अधिकृत’ दाखवणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ फायलींचा इतिहास उघड आहे. मोठ्या कंपन्यांत शेकडो मशिनं असतात. तिथं कंपनीच्या आतलाच एक सर्व्हर त्या मशिनांना ‘अधिकृत’ असल्याचा शिक्का देतो. ही मायक्रोसॉफ्टनं स्वतःच करून ठेवलेली सोय. अ‍ॅक्टिव्हेटर त्याच सर्व्हरचं सोंग घेतो, आणि ते सोंग वठवायला त्याला तुमच्या मशीनवर मालकाचे सगळे अधिकार लागतात. एकदा ते दिले की आत काय चाललंय हे तुम्हाला कळायचा प्रश्नच उरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा संस्थेनं दाखवून दिलं होतं की, केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावानं फिरणाऱ्या फायलींसोबत क्रिप्टबॉट नावाचा चोर येतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती उचलून नेतो. आत्याच्या बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्येच साठवलेला. मीच साठवून दिला होता, काय सांगू.

यातली खरी गंमत म्हणजे आत्याला अ‍ॅक्टिव्हेटरची गरजच नाही. तिचं विंडोज १० अस्सल आहे, आणि अस्सल विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे पडतच नाहीत. अडचण वेगळी आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आत्याचा आय थ्री सहाव्या पिढीचा, २०१६ सालचा. चोरीची किल्ली लावून प्रोसेसर तरुण होत नाही. म्हणजे हा मेसेज तिला नसलेल्या रोगावर औषध देतोय, आणि ते औषध विष आहे.

आता पोलीस. बँकेच्या वेबसाइटला दिसतो तो तुमचा ब्राउझर. फायरफॉक्स किंवा क्रोम विंडोजवर जसा चालतो तसाच लिनक्सवर. तुम्ही कुठल्या सिस्टिमवरून आलात हेही साइटला कळतं, पण त्यात लपवण्यासारखं काय आहे? खाती गोठतात ती केवायसी राहिली तर, किंवा संशयास्पद पैसे आले आणि तपास यंत्रणेनं तसं कळवलं तर. लिनक्स टाकणं हा कुठल्याच कायद्यानं गुन्हा नाही. असता तर सगळ्यात आधी केरळचे हेडमास्तर आत गेले असते.

ही थट्टा नाही. केरळ सरकारची काइट नावाची संस्था सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये स्वतःचं लिनक्स पुरवते. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोन लाखांहून जास्त शालेय कॉम्प्युटरवर उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेली नवी आवृत्ती येतेय आणि त्यामुळे परवान्यांचे ३,००० कोटी वाचतील. भागाकार केला तर एका मशीनमागे दीड लाख होतात. हा आकडा मला फुगवलेला वाटतो, शाळेतल्या कॉम्प्युटरवर दीड लाखाची सॉफ्टवेअरं कोण घालतं? पण कोटी बाजूला ठेवा, मशिनं मोजा. तिथली पोरं दहावीची आयटीची परीक्षा लिनक्सवर देतात. मल्याळममध्ये टाइप करतात. पोलिसांत त्यांची नोंद झाल्याचं काही ऐकिवात नाही. आणि सरकारचंच म्हणाल, तर आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेनं बॉस नावाचं भारतीय लिनक्स २००७ पासून काढलेलं आहे. हॅकरांचं म्हणे!

केरळमुळे ‘मराठी येत नाही’ हा मुद्दाही निम्मा निकालात निघतो. उरलेल्या निम्म्याबद्दल मला जास्त राग आहे, कारण हे काम ज्यांनी केलं त्यातले कितीतरी मराठी मुलुखात बसून करत होते. लोहित नावाचा देवनागरी फॉन्ट वर्षानुवर्षं सांभाळला तो रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी. टायपिंगचं म्हणाल तर आयबस नावाची सोय असते, तिच्यात मराठीखाली इनस्क्रिप्ट हा सरकारी कळफलक आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारं आयट्रान्स आहे आणि चक्क ‘गमभन’सुद्धा आहे. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठी संस्थळांवर गप्पा छाटल्या, त्यांना हे नाव दिसल्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखं होईल.

मी सांगलीला गेलो तेव्हा आधी पेनड्राइव्हवरूनच मिंट नावाचं लिनक्स चालवून दाखवलं, हार्ड डिस्कला हात न लावता. आत्या इनस्क्रिप्टवाली, शाळेत असतानाच शिकलेली. तिनं परीक्षा घ्यायची ठरवली. म्हणाली, “‘तऱ्हा’ लिहून बघते. तो रफार नको हं, आपला चंद्रकोरीसारखा पाहिजे.” एल, मग शिफ्ट धरून जे, डी, यू, ई. पडद्यावर ‘तऱ्हा’ उमटलं, चंद्रकोरीसकट. मग ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘गोऱ्या’. मग तिनं ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं आणि चष्मा काढून पुसला. “बरं आहे की,” म्हणाली. तिच्याकडून हे म्हणजे शंभरपैकी नव्वद मार्क.

इथे एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करतो. मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका जुन्या, युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या मशिनांवर एकसारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टात केलेली. ती फाइल उघडली तर ‘ÉÊ®’ छापाची लापशी. तो फॉन्ट बसवला तर दिसते, नाहीतर सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं. आणि ज्यांचं पोटच श्री-लिपी, पेजमेकर आणि कोरलड्रॉवर आहे त्या डीटीपीवाल्यांनी माझ्या नादी लागू नये. टॅलीवर दिवस काढणाऱ्यांनीही. ती विंडोजसाठी केलेली सॉफ्टवेअरं आहेत, लिनक्सवर ती जुगाडानं चालवण्यात धंद्याचा वेळ घालवणं शहाणपणाचं नाही.

‘विंडोज १० बंद पडेल’ यात तारीख खरी, बाकी भीती. मायक्रोसॉफ्टच्याच मदत-पानावर लिहिलंय की मशीन चालू राहील, फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. हे ‘फक्त’ साधं नाही, अपडेट नसलेल्या मशीनवर बँकेचं काम करू नये हे मीही सांगेन. पण तिथंही घाई नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची सोय त्यांनीच दिली आहे. पैसे द्यायचे नसतील तर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवला तरी ती मिळते. म्हणजे आत्याला लिनक्स नको असतं, तरी त्या रविवारी बेचाळीस हजार काढायचं काहीच कारण नव्हतं. हे दुकानवाल्यानं सांगितलं नाही. त्यानं तरी का सांगावं म्हणा.

काळी खिडकी. आहे. हवी त्यानं उघडावी. मिंटमध्ये सॉफ्टवेअर घ्यायला फोनसारखंच दुकान असतं, अपडेटला ढालीचं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारायची. मिंट बसवल्यापासूनच्या दोन महिन्यांत आत्यानं खिडकी एकदाही उघडलेली नाही. मी उघडली, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा प्रिंटरसाठी. त्याबद्दल खाली.

फुकट म्हणजे डेटा विकतात? यात एक जुनं दुखणं आहे, ते लपवणार नाही. ऑक्टोबर २०१२ च्या उबुंटूमध्ये तुम्ही कॉम्प्युटरवर काही शोधलं की ते शब्द कंपनीकडे जात आणि अ‍ॅमेझॉनच्या वस्तू समोर येत. लोकांनी धुलाई केली, शेवटी २०१६ च्या आवृत्तीत ते सुरुवातीपासूनच बंद ठेवलं गेलं. मुद्दा असा की ते उघडकीला आलं, कारण सगळा कोड समोर असतो. पैसे कोण देतं विचाराल, तर इंटेल, गूगल, रेड हॅट यांचे पगारी लोक लिनक्सचा गाभा लिहितात, कारण त्यांचे सर्व्हर त्याच्यावर चालतात. मायक्रोसॉफ्टसुद्धा २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनची वरच्या श्रेणीची सदस्य आहे. आत्या भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देते त्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच. हे सांगितल्यावर तिनं फोनकडे जरा संशयानं पाहिलं, ते सोडा.

जर्मनी. म्युनिक महापालिका, पूर्ण देश नव्हे. २०१३ पर्यंत त्यांनी पंधरा हजारांच्या आसपास मशिनं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं, हे खरं. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं एप्रिल २०२४ मध्ये तीस हजार सरकारी मशिनं मायक्रोसॉफ्टवरून हलवायचं जाहीर केलं. फ्रान्सचं जांदार्मरी, म्हणजे तिथलं एक पोलीस दल, वर्षानुवर्षं उबुंटूच वापरतंय. बघा, पोलीस आले शेवटी.

राहिला प्रिंटर. आत्याकडे जुना लेझर प्रिंटर आहे, झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसतो तसला. त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, हा रुसलेला जावई. मी तीन तास त्याची मनधरणी केली, एक पान निघालं, तेही अर्धं. मेसेजमध्ये एवढा एक मुद्दा घातला असता तर मला गप्प बसावं लागलं असतं. नवे, नेटवर्कवरचे प्रिंटर बहुतेक आपोआप ओळखले जातात, पण ज्याच्याकडे जुना आहे त्यानं आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रिंट काढून बघावी, मगच पुढचं.

आत्याला मी ओशाळून सांगितलं की प्रिंट इथून निघणार नाही. ती म्हणाली, “मग पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावर जाईन. पानाला तीन रुपये. बेचाळीस हजारांत किती पानं होतात ते तूच काढ.”

चौदा हजार. मंडळाच्या सूचना महिन्याला दोन.